हातचा

वुल्फ पॉइंटला जूनमध्येही
नदीत हात घातला की बोटं बधिर होतात.
वर्लिन म्हणतो, मिझुरीला ऋतू कळत नाही,
तिला फक्त धरणाची तोटी कळते.

तोटी वर, फोर्ट पेकला.
तिथून सुटतं तळातलं पाणी,
ज्याची उन्हाशी ओळखच झालेली नाही.
मी रोज सहा वाजता मोजते.
आज बारा अंश. कालही बारा.

मॉडेल साधं आहे, कुणी घाबरू नये.
अंड्यातून सुटलेलं स्टर्जनचं पिल्लू, जिऱ्याएवढं,
डोळ्यांच्या जागी दोन ठिपके,
पोटाशी पिवळ्या बलकाची शिदोरी.
शिदोरी सरेपर्यंत ते वाहतं.
पाणी कोमट असेल तर लवकर वाढतं,
लवकर तळ धरतं, तोंड उघडतं, खातं.
गार असेल तर
वाहतच राहतं.
दिवस गुणिले वेग.
उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

उत्तर आलं: पाचशे तीस.
नदी आहे तीनशे दहा.
त्यापुढे सरोवर,
जिथे प्रवाह दम सोडतो,
गाळ खाली बसतो
आणि गाळालगत श्वासापुरतीही हवा नसते.

मी गणित तीनदा केलं.
हातचा विसरलीस का बघ,
असं म्हणायच्या मिसेस स्कोग्लंड, तिसरीच्या आमच्या बाई,
खडूचं बोट माझ्या वहीवर टेकवून.
बघितलं.
हातचे सगळे जागच्या जागी होते.
नदीच अपुरी पडत होती.

त्याच आठवड्यात जाळ्यात ती आली.
फावड्यासारखं नाक, मिशा,
पाठीवर हाडांच्या ढालींची ओळ,
रंग जुन्या मेणबत्तीचा.
वर्लिनने तिला ओल्या झोळीत धरलं,
तान्ह्याला धरावं तसं, बोलत बोलत, त्याच्या भाषेत.
काय बोललास विचारलं
तर म्हणाला, तुझ्यासाठी नव्हतं ते.
वय? धरणापेक्षा जास्त.
तिच्या बालपणाला नदी पुरली होती.
तिच्यानंतरच्या कुणाला पुरली
याची नोंद माझ्याकडे नाही.

जुलैत आम्ही सोडली पिल्लं,
बादल्याच्या बादल्या, ऐंशी हजार.
बादलीत ती दिसतही नव्हती धड,
पाणी नुसतं थोडं थरथरत होतं.
मॉडेलने आधीच सांगितलं होतं:
ऑक्टोबरमध्ये शिल्लक, शून्य.
दशांशचिन्हानंतरही शून्यच, मी पाहिलं होतं पुढपर्यंत.

ऑक्टोबरमध्ये, सरोवराच्या वर, वाळूच्या एका दांड्यापाशी
जाळं ओढलं. काड्या. गाळ. एक बाटलीचं बूच.
आणि बोटुकली.
एक.
शेपटीचा बारीक दोरा हलवत, चिडलेली.

मोजली. एकशे बारा मिलिमीटर.
पराचा कपटा घेतला तपासणीसाठी,
आमच्यातली की त्या म्हातारीची,
उत्तर यायला हिवाळा जाईल.
सोडली.

रात्री संगणक उघडला
तर तिला ठेवायला जागाच नव्हती.
शून्याच्या खाली एक कसा लिहायचा?
मग कागद घेतला, पेन्सिल घेतली,
शून्याच्या डोक्यावर, पुढच्या रकान्यात,
लिहिला बारीक एक,
शाळेत लिहायचो तसा.

सकाळी वर्लिनला दाखवला.
त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.
पुढच्या रकान्यात काय आहे, म्हणाला.
म्हटलं, अजून रिकामाच आहे.
त्याने होडीचं इंजिन चालू केलं.
पाणी नऊ अंश.