स

दांडिया बाजारच्या बंबखान्यात
अठ्ठावीस वर्षं काढली मी.
परवा काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं,
ऐकू आलं की दाबा.
मी वाट बघत बसलो, रात्रपाळीला कॉलची बघतो तशी.
बाहेर बाई मान हलवत होत्या,
म्हणजे आवाज होऊन गेले होते.

मी म्हटलं, सायरन हो, दुसरं काय!
कैरवीबेन वहीतून मान वर न काढता काही बोलल्या.
मला ऐकू आलं :
वा, कला होता?
तिसऱ्यांदा कळलं, त्या विचारत होत्या
वास कसला होता.

वास?
मकरपुऱ्याच्या रंगाच्या गोदामात थिनरचा,
गोड, डोकं हलकं करणारा.
नंदेसरीला कडू बदामासारखा.
गाद्यांच्या दुकानात जळक्या फोमचा,
तो तीन दिवस घामातून येत राहिला.
आग विझली, आता कसला मास्क,
म्हणून तो गळ्यात लटकवून
आम्ही राख उकरायचो, चहा मागवायचो.

तिथेच, म्हणाल्या. धूर दिसेनासा झाल्यावर.
नाकातून रक्तात, रक्तातून कानाच्या शंखात,
आणि वरून पंपाची घरघर.
एकटं कुणी एवढं करत नाही.

सगळ्यात आधी स जातो.
सरोजची रोज झाली त्याला वर्षं झाली.
मला वाटायचं, तीच हळू बोलते. रागावली असेल.
माझा गणवेश ती घरच्याच बादलीत धुवायची,
काळं पाणी ओतताना हसून म्हणायची
काय म्हणायची?

सूरसागरच्या काठाने परतताना
नाव पुटपुटून पाहिलं, कानाला येतं तसं :
ऊर. आगर.
खोटं नाही.

काल फतेहपुऱ्यात भंगाराचं प्लास्टिक पेटलं.
विझल्यावर सुजल परमारने, नोकरीला दोन महिने,
मास्क कपाळावर सरकवला.
मी जाऊन खाली ओढला, पट्टा आवळला.
काका, आग तो ओलवाई गई, तो म्हणाला,
निदान ओठ तरी तसे हलले.
म्हटलं, राख थंड होईस्तोवर काढायचा नाही.
हात धुतल्याशिवाय चहा नाही.
गणवेश इथेच धुवायचा, आईकडे न्यायचा नाही.

मान हलवली त्याने.
मग एकदम वळून वर, तारेकडे बघितलं.
मीही बघितलं.
पक्षी होता. चोच उघडत होता, मिटत होता.