उभे सात, दोन अक्षरी

बेळगावची पहिली बस
खानापुरात स्टेशन रोडला पेपर टाकून जाते
तेव्हा रुद्राप्पाच्या शिलाई मशीनवरचं झाकणही निघालेलं नसतं.
शेजारून कोड्याच्या तीन झेरॉक्स.
मूळ प्रत त्याची,
दुकान त्याचं, पेपरचं बिलही तोच भरतो.
कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं
फळीवर लिहितो: सात वाजून पाच.
एकमेकांना सांगायचं नाही, एवढाच नियम.

सुगंधा पहिली. नेहमीच पहिली.
कौलांच्या भट्टीवर हिशेब लिहिते, शाळा सातवीपर्यंत.
ती वाचत नाही, नुसती बघते चौकटीकडे.
तांदळात खडा दिसावा
तसा तिला शब्द दिसतो.
अकरा मिनिटं. पेन्सिल कानावर. आठच्या आत भट्टीवर.
एकदा तर सहा,
त्या दिवशी मी घरी जाऊन
उगाच आमटीला नावं ठेवली.

मी एम.ए. मराठी.
चौतीस वर्षं लोकांच्या पोरांना समास सोडवून दिले.
'कमळ, तीन अक्षरी' म्हटलं
की पंकज नीरज सरोज अंबुज राजीव
सगळेच उभे राहतात बाकावर
आणि खरा हात कुणाचा वर आहे, कळत नाही.
बावीस मिनिटं. तीही दिवस बरा असेल तर.

भावकाण्णा निवृत्त कंडक्टर.
उभे शब्द तेवढे सोडवतो.
आडवे का नाही विचारलं तर,
"जन्मभर गाडीत उभाच होतो की."
गावाचं नाव आलं की मात्र कुणाला ऐकत नाही,
जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा,
डोळे मिटून बोटांवर थांबे मोजतो.
खालचा डावा कोपरा रोज कोरा ठेवून उठतो.
त्याला वेळच लागत नाही, कारण तो संपवतच नाही.

आणि रुद्राप्पा. त्याला दुपार होते.
घरी कानडी; मराठी शिकला गिऱ्हाइकांची मापं घेता घेता.
खांदा, छाती, बाही, कंबर.
त्याच्या लेखी ही भाषा
गळ्यापाशी सुरू होते आणि घोट्याशी संपते.
दोन काजांच्या मधे एक शब्द,
एका पायजम्याला तीन.
भावकाण्णा जाता जाता विचारतो,
"खट्टे अडकलास रं?"
तो हसतो, तोंडात टाचण्या.

त्या बुधवारी उभे सात. छाती, दोन अक्षरी.
मी समोरच बसलो होतो, गप्प, नियम म्हणून.
छाती म्हणजे त्याला छत्तीस, अडतीस, चाळीस.
तीन वेळा खोडलं. कागद फाटायला आला.
मग आडव्या ओळीत ऊस लागला,
खालून रताळे,
आणि त्यानं टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या.
"ऊर? हे तर आमचं हो गुरुजी.
आमच्यात ऊरु म्हणजे गाव.
तुम्ही गाव इथं ठेवता?"
आणि टेपचं टोक
स्वतःच्याच छातीवर धरून बसला.

ऊर भरून येणे. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा.
दोन गुणांना मी तो किती वर्षं विचारला,
पण बनियन दिसणारा, घामेजला रुद्राप्पा
पेपर तपासताना कधी आला नाही समोर.

फळीवर त्याची वेळ: बारा चाळीस.
मग एक पोरगा शर्टाचं माप द्यायला आला.
टेप फिरली. वही उघडली.
मी वाकून पाहिलं.
कानडी अक्षरांत, ठसठशीत:
ऊर, अडतीस.

संध्याकाळी सुगंधाला सांगितलं.
अंगावर भट्टीची लाल धूळ, हातात भाजीची पिशवी.
"मला दिसला होता की शब्द," म्हणाली,
"ऐकू नव्हता आला."

दुसऱ्या दिवशी तिला चौदा मिनिटं लागली.
मला तेवीस.