नव्वद दिवस

घुंगरू थांबले की रसवंतीवाला चिपाडं देतो,
त्याआधी नाही. गिऱ्हाईक असताना कचरा दाखवू नये,
म्हणतो. मी बाकड्यावर बसून राहते.
गुलटेकडीहून पहाटे आणलेली कांद्याची फोलपटं
स्कूटरच्या पायाशी पोत्यात कुजबुजत असतात.

धायरीच्या शेडमध्ये पहिल्याच आठवड्यात मिक्सर जळला.
मग उखळ, मग भोसरीहून हप्त्यावर आणलेला हातप्रेस,
आणि चिकटवायला, सदाशिव पेठेतल्या मेसचा
उरलेला भात आटवून केलेली खळ.
किती वर्षांनी आला हा शब्द तोंडात, खळ.
जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालताना
बोटांवर वाळून पापुद्रे निघायचे तिचे.

पहिला डबा वाळलाच नाही.
दुसऱ्यावर बुरशी आली, हिरवी, मखमली;
फेकवेना. फोटो काढला, मग फेकला.
तिसरा कडक, टिचकी मारली तर वाजणारा.
सासवडच्या इंगळे अण्णांनी सहा अंजिरं ठेवली त्यात,
सकाळी झाकण उघडून म्हणाले,
"ताई, अंजीर आहे का कांदाभजी?"

फोलपटं तीनदा उकळल्यावर वास गेला.
पण अंजीर पिकताना घाम सोडतं,
दुसऱ्या सकाळी डब्याचा तळ लोंबतो.
तेव्हा मी आतून एक पातळ थर दिला.
कशाचा, ते अण्णांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही.

कर्वेनगरात सोसायटीमागचा खतखड्डा
अंजिरा खुडे सांभाळते.
फळ तिच्या नावात आहे,
डब्यातलं तिने कधी विकत घेतलेलं नाही.
एकेचाळिसाव्या दिवशी तिने काठीच्या टोकावर
काहीतरी उचललं, सायीसारखं, लवलवतं.
"ह्ये काय?"
मी गप्प.
"सडतंय ह्ये. कुजत न्हाई.
सडलं की नाकाला पदर लावावा लागतो,
कुजलं की हात घालावा वाटतो."
आणि शेजारच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून
मूठभर काळं तिने माझ्या नाकाशी धरलं.

चार वर्षं डिझाइन शिकले मी.
वस्तू कशी संपावी,
हा तास वेळापत्रकात नव्हता.

थर काढला. अण्णांना फोन केला,
सगळं सांगितलं, थरासकट.
आता दोनच दिवस टिकेल डबा, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसता पंपाचा आवाज.
मग, "तिसऱ्या दिवशी अंजीर तरी कुठं असतंय?"
भाव मात्र डब्यामागे रुपयाने पाडला.

नवा डबा पुरला त्याला आज नव्वद दिवस.
अंजिराने खड्डा उकरला, माती चाळली,
पुन्हा चाळली,
आणि माझ्या तळहातावर एक पिन ठेवली,
झाकणाची, गंजलेली.
"येवढं ऱ्हायलं बघ."

संध्याकाळपासून शेडमध्ये बसून
पिनेशिवाय बसेल अशी खाच पाडते आहे झाकणाला.
ही नववी.
आठ फाटल्या.