उजळ

डेकेटरला वारा पूर्वेचा असला
की वाळत घातलेल्या शर्टालाही मक्याचा वास.
सव्वीस वर्षं त्या कारखान्यात
मक्याचं सिरप केलं, टँकर मोजले.
घरी मात्र साखर बंद.
चहात अगावेचा पाक,
बाटलीवर हिरवंगार पान.

ब्रेंडाने पोटावर गार जेल फासलं,
पडदा माझ्याकडे वळवला:
"बघा, किती उजळ!"
मी खुळ्यासारखा हसलो.
उजळ म्हणजे चरबी.
"ड्रिंक्स किती, आठवड्याला?"
थेंब नाही हो, बाई.

फ्रुक्टोज वाटेत फारसं कुठे टेकत नाही,
तडक यकृताच्या दारी.
त्या बिचाऱ्याला नाही म्हणता येत नाही;
आलेला माल रात्रपाळीत
पिंपांत भरत राहतं.

आई खाटकाला सांगायची,
"काळीज घाल रे चांगलं."
म्हणजे ठाऊक होतं मला
काळीज कुठे असतं ते.
तरी जन्मभर हात ठेवला
तो छातीवरच, डावीकडे.

वत्सलाने काल नवी पुडी आणली. अ‍ॅल्युलोज.
जिभेला भेटून
बहुतेक तशीच निघून जाते म्हणे,
आत बिऱ्हाड करत नाही.
पुडीच्या पाठीवर, बारीक अक्षरांत,
आमच्याच गावाचं नाव.

चहा बराच वेळ ढवळत बसलो.