जाळ्याचं शिसं

खमीस. नाव ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं,
आमच्याकडे खमीस दोरीवर वाळत घालतात.
तो म्हणाला, गुरुवारी जन्मलो म्हणून.
एक दिवस उशीर झाला असता तर जुमा.

सोहारच्या मागे, खजुरांच्या सावलीत
त्याची लसूणघास उभी होती,
बकऱ्यांनी दावं तोडावं अशी हिरवी.
तपासणीचा कागद वेगळंच बोलला:
शिसं. वीतभर खोलीपर्यंत शिसं.

भाऊ जुन्या बॅटऱ्या फोडायचा, तो म्हणाला,
त्या भिंतीआड. डब्यात वितळवून
जाळ्यांची वजनं ओतायचा.
भाऊ गेला, होडी विकली, भिंतही पडली.
जमिनीने तेवढं सांभाळून ठेवलं.

मग आम्ही झावळ्या खड्ड्यात रचल्या,
वर पत्रा, पत्र्यावर वाळू,
दम कोंडून जाळल्या. राख नको, कोळसा हवा.
मोतालेब रात्रभर राखणीला,
धूर निळा झाला की हाक मारायचा.
कोळसा कुटला, शेणखतात मुरवला,
हाडांचा चुरा घातला, मातीत कालवला.
झुवैना दारातूनच म्हणाली,
मसाला हात राखून घालू नका.

"म्हणजे शिसं आता जाणार?"
जाणार नाही, काका. बसणार.
कोळशाच्या भोकांत, हाडांच्या चुऱ्याला बिलगून.
मुळांच्या हाती लागणार नाही, इतकंच.

त्याने एक ढेकूळ मुठीत फोडलं.
"भाऊपण शेवटी असाच.
घरातच होता. कुणाच्या हाती लागायचा नाही."

पहिल्या तीन कापण्या गोणीत भरून सील केल्या.
बकऱ्या कुंपणातून बघत राहिल्या.
चौथीला आकडा उतरला,
हवा तेवढा नाही,
पण उतरला.

त्या रात्री जयगडला फोन लावला.
आई, बाबा जाळ्याचं शिसं कुठे वितळवायचे गं?
"परसात, चिंचेखाली, लोखंडी पळीत.
तू भोवती नाचायचीस.
थेंब पाण्यात पडून चुर्र झाला
की आणखी एक, आणखी एक."
आता काय आहे तिथे?
"वाल लावलेत. यंदा शेंगा गोड आहेत.
आलीस की देते."

हो म्हणाले.
मग नमुन्याची कोरी पिशवी ओढली,
गावाचं नाव लिहिलं.
खोली: वीतभर.
पीक: वाल.