हक्कसोड

आपा गेले, त्याच्या पुढच्या चैत्रात वाटण्या झाल्या.
माडांच्या दोन रांगा, विहिरीचं अर्धं पाणी,
बिडाची एक कायल, जी कुणालाच नको होती,
आणि सातेरीच्या पूजेचे त्र्याहत्तर दिवस.

पाच घरं गुरवांची, वर्ष तीनशे पासष्टचं.
देवीचा भागाकार बरोबर येतो,
लीप वर्षाचा एक दिवस तेवढा उरतो,
त्यावरून दोन पिढ्या बोलणं नाही.

वेंगुर्ल्याच्या कचेरीत मी सही केली.
हक्कसोडपत्र. कारकून म्हणाला, वाचून बघा.
म्हटलं, काय वाचायचं,
मुलींना कुठे असतात देवीचे दिवस.
बाहेर येऊन लिंबू सोडा प्यायलो, भावाने पैसे दिले.
एवढंच.

सगुण वास्कोला गोदीत वेल्डर.
त्याचा कशावर विश्वास नाही, मोठ्याने म्हणत नाही,
पण दिवस जवळ आले की फोन करतो,
"बाये, तू बगशीत मां?"
माझी पाळी थांबली, तेव्हापासून त्याची माझ्याकडे आली.
जिने तहसीलदारासमोर सगळं सोडून दिलं
तीच पहाटे कळशी घेऊन चढते
चिऱ्याच्या एकवीस पायऱ्या.

म्हणजे वारसा त्याचा आणि श्रद्धा माझी?
इतकं सोपं असतं तर बरं होतं.

आठ-नऊ वर्षांची असेन. वारुळामागे लपले होते,
प्रसादाच्या केळ्यांवर डोळा ठेवून.
कुणाची तरी सून आली होती, तिसरं मूलही पोटातच गेलेली.
आपा गाऱ्हाणं घालत होते,
चुकला माकला पदरात घे,
बारा वाटेची एक वाट कर,
आणि सूर जराही न मोडता
त्यांनी उजवी पाकळी
धोतराच्या सोग्याला पुसली,
दगडाला नुसती टेकवली.

पडलीच ती. उजवा कौल. सून रडली, खाली उतरून गेली.
मग आपांनी वारुळाला हात जोडले,
डोळे मिटून, खूप वेळ.
तेव्हा बघणारं कुणी नव्हतं.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या.
यातली कुठली मला मिळाली,
पन्नास वर्षं झाली, ठरत नाही.

आज एकोणचाळिसावा दिवस.
इजाबेल आली, पास्कूची आई,
गळ्यात खुरीस, हातात नारळ.
पास्कू बोटीवर, कतारच्या बाजूला, सतरा दिवस फोन नाही.
चर्चमध्ये मेणबत्ती लावूनच आलेली.
म्हणाली, "तो देव माजो. ही गावची.
माज्या पणज्याच्या पणज्यान देव बदलल्यान,
बदलल्यान काय बदलूक लायल्यानी, कोणाक म्हायत.
गाव खंय बदलल्यान?"

बाईने कौल लावायचा नसतो.
आम्ही दोघींनी इकडेतिकडे बघितलं.

पिटकुळीच्या दोन पाकळ्या भिजवल्या.
गाऱ्हाणं मला पाठ आहे, शिकवलं कुणी नाही,
घरात एकाला ताप आला की दुसऱ्याला येतो, तसं आलेलं.
"व्हय म्हाराजा," इजाबेल म्हणाली, नेमकी जिथे म्हणायचं तिथे.
तिलाही कुणी शिकवलं नसणार.

उजवी पाकळी चिमटीत होती.
पदर जवळच होता.

मी पुसली नाही.
आपांहून विश्वास जास्त म्हणून,
की त्यांच्याइतकी माया नाही म्हणून,
ते देवीलाच विचारायला हवं,
आणि तिला एका वेळी एकच प्रश्न विचारता येतो.

अकरा वाजत आलेत. दोन्ही पाकळ्या तशाच.
खाली खाडीला भरती लागलीय,
कुणाचं तरी इंजिन सुरू होत नाहीय,
पुन्हा, पुन्हा.
इजाबेल पायरीवर बसून नारळाची शेंडी उपटतेय,
आणि मी दगडाकडे बघत नसल्यासारखं करत
बघतेय.