उचल

पहाटे चारला भोईपुऱ्यात ट्रक लागतो.
थर्माकोलची खोकी उतरतात, बर्फ नालीत गळत जातो,
आणि आई म्हणते, "सुरमई खालच्या थरात पाह्य,
वरची दाखवाची असते."
मी वही उघडते.
आमच्या वहीत समुद्र किलोवर येतो.

या शहरातून कुठल्याही दिशेनं निघा,
समुद्र दुसऱ्या दिवशीच लागतो.
तरी दुधराममामा गेला.
ढिवराचं पोर, कन्हान नदीत शिकलेलं,
गढूळ पाण्यात डोळे उघडे ठेवणारं.
तलावाचा ठेका सोसायटीच्या हातून गेला त्या वर्षी
रत्नागिरीहून एका मुकादमाचा फोन आला:
चाळीस हजार उचल, जेवण बोटीवर, दहा महिने.
मामीनं त्यातले अकरा हजार सिमेंटच्या पत्र्यांना दिले.
पत्रे अजून आहेत.

तो सांगतो तेव्हा वादळापासून सुरुवात करत नाही,
झोपेपासून करतो.
"दर तीन घंट्यानं जाळं वर. दोन घंटे निवडाचं.
राह्यला एक. त्यालेच झोप म्हणाचं.
माणूस वादळानं नाई मरत पोरी, पेंगेनं मरते."

विंचवर तार गुंडाळताना त्याला पेंग आली, एवढंच.
डाव्या हाताची दोन बोटं.
किनारा अठरा तासांवर.
तांडेलानं हळद भरली, गमछा बांधला,
आणि जाळं अर्धं पाण्यात होतं म्हणून
आधी जाळं वर घेतलं.
मामा याचा राग धरत नाही. मला ते कळत नाही.
"मीच म्हटलं ना, घ्या वर म्हणून."

हिशेब झाला जूनला, बंदी लागल्यावर.
डिझेल आधी, बर्फ आधी,
मग बोटीचा वाटा, इंजिनाचा वाटा, जाळ्याचा वाटा,
तांडेलाचे दोन,
मग चौदा खलाशी.
मामाच्या वाट्यातून उचल गेली, किराणा गेला, दवाखाना गेला.
हातात सहा हजार दोनशे
आणि सुक्या बोंबलांची एक पिशवी,
जी अजनी स्टेशनवर उतरताच कुत्र्यांनी ओळखली.

आता तो आमच्या ओट्यावर कोळंबी सोलतो,
तीन बोटांनी, माझ्यापेक्षा लवकर.
खोकं उघडलं की मासा करंगळीशी धरून मोजतो.
"हे बांगड्याचं लेकरू. एका ओढीत असे टनभर.
खाले नाई, कुटीच्या कारखान्यात. कोंबड्यांसाठी.
बियाणंच विकून रायलो आपण."
गिऱ्हाईक विचारतं, ताजा आहे का?
आई म्हणते, कालचाच.
मामा खाली बघतो.
बोटीवर बर्फात बारा दिवस, ट्रकमध्ये दोन, हे त्याला पाठ आहे.

परवा निकेशला फोन आला. त्याच मुकादमाचा नंबर.
आता सत्तर हजार.
किनाऱ्यावरची पोरं चढत नाहीत म्हणे बोटीवर,
नेपाळहून माणसं आणावी लागतात.
निकेश एकोणीसचा, गाडीचे तीन हप्ते थकलेला.
आई काही बोलली नाही.
खवले काढत राहिली, सुरी उलटी धरून.

संध्याकाळी मामा त्याला अंबाझरीला घेऊन गेला. मीही गेले.
भेळ, फुगे, कठड्यावरची जोडपी.
निकेशनं विचारलं, "समुद्र याच्याहून किती मोठा?"
मामा बराच वेळ पाण्याकडे बघत होता.
"पलीकडले झाडं दिसून रायले ना तुले?"
"हो."
"तिकडं नाई दिसत. बस."

मग म्हणाला, "विंचवर हातमोजे घालू नको.
तार मोजा पकडते, मोज्यासंगं हात.
अन् उचल घेशीन तर घरी देऊ नको.
बँकेत ठेव, नाई जमलं तर तशीच वापस कर."
निकेशनं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं,
फक्त हातमोज्यांचं.

भेळीचे पैसे मामानं दिले.
सुटे मोजताना त्याच्या हातातून नोट दोनदा निसटली.
दुसऱ्यांदा निकेशनं उचलली.